मदत हवी आहे: घोट्यात पू, सांधा जोडून टाकायचा सल्ला (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आईच्या उजव्या घोट्याबद्दल विचारायचं आहे. वय ५८, मधुमेह जुना. गेल्या वर्षी पडून घोटा मोडला, प्लेट बसवली. जखम भरली नाही, पू येत राहिला. प्लेट काढली तरी संसर्ग सांध्यात उतरला आणि आतली कूर्चा गेली. पू तपासला तर स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू निघाला.

हाडाचे डॉक्टर म्हणतात, आता सांधा कायमचा जोडायचा. आधी सडलेलं हाड खरवडून तिथे अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट भरायचं, साधारण सहा आठवडे औषधं द्यायची. सीआरपी, ईएसआर (संसर्ग, सूज किती आहे ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या) उतरले की दुसऱ्या ऑपरेशनात नडगीचं हाड खालच्या हाडाला भिडवून बाहेरून इलिझारोव्ह रिंग (पायाभोवतीची धातूची कडी, तारांनी हाड धरून ठेवणारी) लावायची. आत परत प्लेट नको, कारण धातूवर जंतू थर धरून बसतात आणि तिथे औषधाचा जोर चालत नाही. कृत्रिम सांधाही म्हणूनच नाही म्हणाले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढण्याचा पर्याय सांगितला. तेव्हापासून आई नीट जेवत नाही.

ती विड्या वळते. कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो आम्ही. दिवसभर जमिनीवर मांडी, मांडीवर सूप. घोटा जोडल्यावर तिला असं बसता येईल का? संडास भारतीय पद्धतीचा आहे, त्याचं काय? रिंग किती महिने राहते? ती मिसरी लावते, त्याने काही बिघडतं का? पाय वाचावा असं मला मनापासून वाटतं, पण ज्यांच्या घरी हे झालंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

प्रतिसाद

ताई, माझ्या वडिलांचा घोटा असाच जोडलाय, रिंग लावूनच. मांडी घालताना वाकतात ते गुडघा आणि खुबा, त्यामुळे ते मांडी घालतात. फक्त घोट्याचं बाहेरचं हाड फरशीवर टेकतं, खाली जाड घडी लागते. उकिडवं बसणं मात्र गेलं, कारण त्याला पाऊल वर वळावं लागतं. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

रिंग तीन-चार महिने धरून चला, मधुमेहात जास्तही लागतात. तारा जिथे कातडीत शिरतात ती भोकं रोज साफ करावी लागतात, ते घरातल्या एकाने नीट शिकून घ्या. रिंग काढण्याआधी हाड खरंच जुळलंय का ते सीटी स्कॅनवर बघायला सांगा.

मिसरी आजपासून बंद. ती तंबाखूच आहे, निकोटीनने हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही. साखरेचंही तेच, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) खाली आणा.

आणि ऑपरेशन ठरवण्याआधी पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी झाली का? मधुमेह्याच्या पायाला रक्तपुरवठा आणि संवेदना कितपत आहे यावर पाय वाचवायचा की काढायचा हे बरंचसं ठरतं. दोन डॉक्टरांची मतं वेगळी का, हे तिथेच कळेल. खरवडलेल्या हाडाचा तुकडा क्षयाच्या तपासणीलाही पाठवायला सांगा, स्टॅफिलोकोकस निघाला असला तरी. पाऊल नडगीशी काटकोनात जोडणार ना, हेही विचारा. बोटं खाली झुकलेली राहिली तर चालताना गुडघ्यावर ताण येतो. पुढे बुटाला खालून गोलसर तळ लावून घेतला की चाल बरी होते.

जनआरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. डॉपलरचा रिपोर्ट असेल तर आईचं नाव झाकून इथे टाका.