मदत हवी आहे: कॉलेज ऑफिसच्या मेलचे विषय एकसारखे कसे करून घ्यायचे?

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेज ऑफिसला एकच जीमेल आहे. बोनाफाईड, टीसी, महाडीबीटी शिष्यवृत्ती, फी परतावा, सगळं तिथेच येतं. विषयाच्या जागी कुणी 'अर्जंट' लिहितं, कुणी 'सर प्लीज', कुणी कोरंच सोडतं. परवा एका मुलीचा टीसीचा अर्ज शिष्यवृत्तीच्या मेलांमध्ये पडून राहिला आणि तिचा पुढचा प्रवेश अडकला. फार वाईट वाटलं.

'टीसी - बीकॉम २ - रोल नंबर' असा विषयाचा साचा ठरवून जीमेलच्या फिल्टरने मेलना आपोआप लेबलं लावायची आहेत. चौकटी कंस नकोत, जीमेलचा शोध ते धरत नाही. पण मुलं देवनागरी, इंग्रजी, रोमन लिपीतलं मराठी, कशातही लिहितात. नोटीस बोर्डावर क्यूआर लावून, विषय आधीच भरलेला मेल उघडणारी मेलटू लिंक कुणी वापरली आहे का? साध्या मोबाईलवर नीट चालते का? की सरळ गुगल फॉर्मच बरा?