रेल, सेक्रेटरी, साखळी: लिंकनवरच्या मराठी कादंबरीसाठी नेमके शब्द

(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

अब्राहम लिंकनच्या आयुष्यावर मराठीत ऐतिहासिक कादंबरी लिहायची, तर काही शब्दांपाशी हात अडतो. काळ १८०९ ते १८६५. जन्म केंटकीत, बालपण इंडियानात, वकिली इलिनॉयमध्ये आणि शेवटची चार वर्षं वॉशिंग्टनला. १८६०च्या निवडणुकीत त्याला चिकटलेलं 'रेल-स्प्लिटर' हे बिरुद मराठीत कसं आणावं? मंत्रिमंडळातले आणि दप्तरातले दोन्ही 'सेक्रेटरी' वेगळे कसे दाखवावेत? वकील होण्याआधी तो जमीन मोजायचा, नदीतून माल न्यायचा, त्या कामांतले शब्द कोणते? गुलामांच्या मुक्तीच्या 'प्रोक्लमेशन'ला काय म्हणावं? कोशातला प्रतिशब्द मिळतो, पण तो वाक्यात बसवला की पानावर आजचं मंत्रालय उभं राहतं.

रंधा

'रेल'पासून सुरुवात करू, कारण इथे सर्वांत मोठी गफलत होते. 'रूळ तोडणारा', 'रेल्वेचे रूळ फोडणारा' अशी भाषांतरं केली जातात. या रेलचा रेल्वेशी काही संबंध नाही. ते शेताच्या कुंपणाचे आडवे लाकडी दांडे. गोंधळ वाढायला आणखी एक कारण आहे: पुढे लिंकनने वकील म्हणून इलिनॉय सेंट्रल रेल्वेचे खटले चालवले आणि ५,००० डॉलर फीसाठी त्याच कंपनीवर दावाही लावला. त्यामुळे 'रेल' दिसली की वाचकाला रेल्वेच आठवते.

दुसरी अडचण क्रियापदाची. 'चिरणे' चालणार नाही, चिरायला करवत लागते. इथे करवत नाहीच. काम असं: सरळ रेषांचं, बिनगाठीचं झाड पाडायचं, बहुधा ओक किंवा अक्रोड. त्याचे दहा-अकरा फुटांचे ओंडके करायचे. ओंडक्याच्या टोकाला लोखंडी पाचर लावून लाकडी मोगरीने ठोकायची. फट पडली की तिच्या पुढच्या भागात दुसरी पाचर. ती बसली की पहिली सैल होते, ती काढून आणखी पुढे न्यायची. फट रुंदावली की तिच्यात जाड लाकडी पाचरी घालायच्या, म्हणजे लोखंडी मोकळ्या होतात. आत अडकलेले रेषे कुऱ्हाडीने तोडायचे. ओंडक्याचे दोन भाग, मग चार, खोड जाड असेल तर आणखी. लाकूड ओलं असताना हे सोपं जातं. गाठ आली किंवा रेषा पिळलेल्या निघाल्या, की फट बाजूला पळते आणि दांडा अर्ध्यातच निमुळता होऊन सुटतो. तो कुंपणाला उपयोगी नाही, सरपणात जातो.

म्हणून 'कुंपणाचे दांडे फोडणारा' म्हणावं. बिरुद म्हणून वापरताना 'दांडेफोड्या' चालेल. प्रचारातल्या बिरुदाला जो रांगडेपणा हवा, तो त्यात आहे. कादंबरीत एकदा पाचर आणि मोगरी दाखवली की पुढे समजावून सांगावं लागत नाही.

मोजणीदार

रंधा, दांड्यांचं पटलं. मोजणीच्या शब्दांत याहून मोठा सापळा आहे. १८३३पासून लिंकन सँगामन काउंटीत सहायक मोजणीदार होता. त्याच्या हातात असायची 'चेन'. मराठीत 'साखळी' लिहायचा मोह होतो आणि शब्द बरोबरच आहे, पण लांबी वेगळी. आपल्याकडे जमिनीच्या मोजणीत साखळी म्हणजे ३३ फूट, तिचे १६ भाग म्हणजे १६ आणे. साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. लिंकनची गुंटर साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. तिच्या चौरसात आपले चार गुंठे बसतात आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर होतो.

म्हणजे 'दहा साखळ्या लांब, दहा साखळ्या रुंद' असं वाक्य आलं, तर अमेरिकेत ते दहा एकर. सातबारा आणि मोजणी नकाशा वाचायची सवय असलेला माणूस ते अडीच एकर समजेल. उपाय साधा: पहिल्याच उल्लेखात 'सहासष्ट फुटी साखळी' लिहावं. 'रॉड' हे माप साडेसोळा फुटांचं, म्हणजे या साखळीचा चौथा हिस्सा. त्याला 'काठी' म्हणू नये. शिवकालीन मोजणीतली काठी हे निराळंच माप, ती ओळख इथे उगाच चिकटेल. सरळ फूट द्यावेत.

आणि मोजणी एकट्याने होत नाही. साखळीची दोन टोकं धरायला दोन माणसं, झाडी तोडायला कुऱ्हाडवाला, आणि होकायंत्रावर स्वतः मोजणीदार. लिंकन एकटाच साखळी ओढत रानातून चाललाय, असा प्रसंग लिहू नका. साखळी सैल धरली तर अंतर जास्त भरतं, उतारावर ती आडवी न धरता जमिनीसरशी ठेवली तरीही जास्तच भरतं. हद्दीचे तंटे यातूनच व्हायचे.

रंधा

मोजणीदार, तुमच्या दहा एकरांवरून एक हिशेब. १८३०मध्ये लिंकन कुटुंब इलिनॉयमधल्या डेकॅटरजवळ राहायला आलं, तेव्हा दहा एकरांच्या कुंपणाला पुरतील इतके दांडे केल्याचं लिंकनने स्वतः लिहिलंय. शेत चौरस धरलं तर एक बाजू ६६० फूट, घेर २,६४० फूट. कुंपण नागमोडी, खांब न पुरता, खिळा न मारता रचलेलं. दहा फुटी दांडा तिरका पडतो, टोकं एकमेकांवर चढतात, म्हणून पुढे सरकतो साधारण आठ फूट. म्हणजे एकेका दांड्याच्या लांबीचे ३३० पट्टे. सात थर रचले तर २,३१० दांडे, नऊ रचले तर २,९७०. मे १८६०मध्ये डेकॅटरच्या रिपब्लिकन अधिवेशनात लिंकनच्या नात्यातल्या जॉन हँक्सने दोन जुने दांडे मिरवत आणले, तेव्हा सोबतच्या फलकावर ३,००० दांड्यांचा आकडा होता. म्हणजे प्रचारातला असला तरी तो आकडा हिशेबात बसतो.

'फ्लॅटबोट'बद्दलही सांगतो. 'तराफा' लिहू नये. तराफ्याला तळ आणि कडा नसतात. ही सपाट तळाची, उभ्या कडांची, पेटीसारखी नाव. प्रवाहाबरोबर खाली जायची आणि न्यू ऑर्लीन्सला माल उतरला की लाकडाच्या भावाने विकून टाकायची. 'सपाट तळाचा पडाव' बरा. हा भेद १८३१च्या न्यू सेलमच्या प्रसंगात कामाला येतो. पडाव गिरणीच्या बंधाऱ्यावर अडकला. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा भाग बंधाऱ्यापलीकडे अधांतरी, मागचा भाग खाली दबलेला आणि त्यात पाणी साचत चाललेलं. लिंकनने मागचा माल काठावर उतरवला, वजन पुढे आणलं, पाणी पुढे धावलं. मग नाळेत गिरमिटाने भोक पाडून ते बंधाऱ्यापलीकडे सोडलं, भोक खुंटीने बुजवलं आणि पडाव ओलांडून गेला. तराफा म्हटलं तर यातलं काहीच घडू शकत नाही, तराफ्यात पाणी साचतच नाही. उथळ जागी अडकलेल्या नावा उचलण्याच्या युक्तीचं पेटंट त्याने १८४९मध्ये घेतलं, क्रमांक ६४६९. त्या प्रकरणालाही हाच शब्द लागेल.

मोडीवाचक

'सेक्रेटरी'. सिवर्ड, चेस, स्टँटन, वेल्स हे मंत्री. जॉन निकोले आणि जॉन हे, असे दोन तरुण लिंकनच्या दप्तरात पत्रं हाताळणारे. पहिल्यांना 'सचिव' म्हटलं तर आजचा वाचक मंत्र्याच्या हाताखालचा सनदी अधिकारी समजतो. अष्टप्रधानांतले सचिव प्रधानच होते, अण्णाजी दत्तो हे उदाहरण. पण तो अर्थ आता इतिहासाच्या पुस्तकांबाहेर उरलेला नाही. त्याच हौसेने सिवर्डला 'सुमंत' (अष्टप्रधानांतला परराष्ट्रव्यवहार पाहणारा) करू नये, वॉशिंग्टनच्या पावसाळी रस्त्यावर रायगड दिसू लागेल.

सिवर्ड परराष्ट्रमंत्री, चेस अर्थमंत्री, वेल्स नौदलमंत्री. स्टँटन मात्र युद्धमंत्रीच. 'संरक्षणमंत्री' हा कालविपर्यास, अमेरिकेत संरक्षण खातं दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. निकोले आणि जॉन हे यांना 'चिटणीस' सुरेख बसतं. पत्रव्यवहार, टिपणं, भेटीला आलेल्यांची रांग, सगळं त्यात येतं. कुणाला हा शब्द पेशवाई वाटला तर 'खासगी चिटणीस' लिहावं.

'व्हाइट हाऊस' हे नाव लोकांच्या तोंडी होतं, पण पत्रांच्या माथ्यावर 'एक्झिक्युटिव्ह मॅन्शन' छापलेलं असायचं. व्हाइट हाऊस हे नाव अधिकृत झालं १९०१मध्ये. संवादात व्हाइट हाऊस, कागदावर 'अध्यक्षांचा वाडा' असं विभागता येईल. तिथे तारायंत्र नव्हतं. लढाईची खबर हवी असली की लिंकन शेजारच्या युद्धखात्याच्या तारघरात चालत जायचा, रात्री-अपरात्रीही. म्हणून 'अध्यक्षांच्या टेबलावर तार खडखडली' असलं वाक्य नको.

'राष्ट्रपती' टाळा. आपल्याकडे राष्ट्रपती आणि सरकार चालवणारा माणूस वेगळे. 'अध्यक्ष' पुरे.

उंबरठा

चिटणीस घेतला. 'प्रोक्लमेशन'चं काय? 'जाहीरनामा' म्हटलं की निवडणुकीतली आश्वासनं डोळ्यांपुढे येतात.

मोडीवाचक

तरी जाहीरनामाच. १८५८चा तो 'राणीचा जाहीरनामा', आणि लिंकनचा अवघ्या चार वर्षांनंतरचा. त्या काळच्या मराठीत सत्तेने लोकांना उद्देशून काढलेला कागद म्हणजे जाहीरनामा. 'फर्मान' बादशाही आहे, 'घोषणापत्र' सभेतलं वाटतं. 'मुक्तीचा जाहीरनामा' म्हटलं की निवडणुकीची शंका उरत नाही.

शब्दापेक्षा तपशील सांभाळायला हवा. २२ सप्टेंबर १८६२ला इशारा, १ जानेवारी १८६३ला अंमल, आणि तोही फक्त बंडात असलेल्या प्रदेशांपुरता. केंटकी, मिसूरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामी असलेली पण संघराज्यात राहिलेली राज्यं त्याबाहेर. केंटकीतला गुलाम त्या सकाळी कायद्याने मुक्त झाला असा प्रसंग लिहिला तर तो खोटा. देशभरची बंदी आली ती तेराव्या घटनादुरुस्तीने, डिसेंबर १८६५मध्ये, लिंकनच्या मृत्यूनंतर.

'गृहयुद्ध' समजतं, पण 'यादवी' सरस. एकाच कुळातल्यांनी एकमेकांना संपवणं हा अर्थ महाभारतातल्या मौसलपर्वापासून त्या शब्दात मुरलेला आहे. मेरी लिंकनचे सावत्र भाऊ दक्षिणेच्या बाजूने लढले, हे लक्षात घेतलं तर दुसरा शब्द सुचू नये.

सांजवात

'गुलाम'ला पर्याय शोधू नका, एवढी विनंती. 'दास', 'सेवक', 'चाकर' यांत विक्री दिसत नाही. 'वेठबिगार' राबवला जातो, पण बाजारात उभा करून विकला जात नाही. 'कुणबीण' या शब्दात पेशवाईतली खरेदी-विक्री आहे खरी, पण आज तो जातिवाचक वाचला जाईल. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेने हा मराठी शब्द आणि तो इतिहास कायमचे जोडलेले आहेत.

आता तू-तुम्ही. इंग्रजीत सगळीकडे एकच 'यू', त्यामुळे मराठीत निवड लेखकाला करावी लागते, आणि ती मनाला येईल तशी करून चालत नाही. मेरी नवऱ्याला 'मिस्टर लिंकन' म्हणायची. मराठीत ते अगदी 'अहो'. तो तिला मुलं झाल्यावर 'मदर' म्हणे. तिथे 'अगं' आणि 'तू'. वकिलीतला भागीदार हर्नडन नऊ वर्षांनी धाकटा. लिंकन त्याला 'बिली' म्हणे, तो मात्र 'मिस्टर लिंकन'. म्हणजे एकीकडून तू, दुसरीकडून तुम्ही. 'एब' हे नाव प्रचारात गाजलं, पण लिंकनला ते आवडत नसे. मित्रांच्या तोंडी ते घालू नका, नुसतं 'लिंकन' ठेवा.

सर्वांत जपायची जागा फ्रेडरिक डग्लसची. ऑगस्ट १८६३च्या पहिल्या भेटीत लिंकनने त्यांना 'मिस्टर डग्लस' म्हटलं, हे डग्लसनी स्वतः नोंदवलंय. गुलामीतून पळून आलेला माणूस अध्यक्षांसमोर बसलाय, आणि अध्यक्ष त्याला 'मिस्टर' म्हणतोय. तिथे लिंकनच्या तोंडी 'तू' घातलं की प्रसंगाचा प्राण गेला. दोघांकडूनही 'तुम्ही'. 'आपण'सुद्धा नको, त्यात दरबार येतो.

निवेदनात लिंकन 'तो' की 'ते'? पहिल्या पानापासून शेवटपर्यंत 'तो' ठेवावं. मधेच अध्यक्ष झाल्यावर 'ते' सुरू केलं की निवेदक बदलल्यासारखं वाटतं.

उंबरठा

एक राहिलं. आई नॅन्सी १८१८मध्ये 'मिल्क सिकनेस'ने गेली. 'विषबाधा' चालेल का?

सांजवात

कारण आज आपल्याला माहीत आहे: स्नेकरूट नावाची पांढऱ्या फुलांची रानवनस्पती गाई खात, तिचं विष दुधात उतरे. इंडियानातल्या त्या वस्तीला एवढंच दिसत होतं की गुरं थरथरतात आणि दूध पिणारी माणसं मरतात. 'विषबाधा' म्हटलं की निदान झाल्यासारखं होतं. 'दुधाचा रोग' म्हणा. नऊ वर्षांच्या मुलाच्या कानावर तेवढंच पडलेलं असणार.

मोजणीदार

गेटिसबर्गच्या भाषणातल्या 'फोर स्कोअर अँड सेव्हन'साठी कुणी 'चार विसा सात' सुचवण्याआधी लिहितो. हिशेब बरोबर आहे, १७७६ अधिक ८७ म्हणजे १८६३. विशांनी मोजणं मराठीतही आहे. पण इंग्रजीत 'स्कोअर' बायबलमधून आलेला, भारदस्त. आपल्याकडे विसा म्हटलं की आठवडी बाजारातला हिशेब कानावर येतो. दफनभूमीच्या अर्पणाच्या वेळी तो सूर चालायचा नाही. 'सत्याऐंशी वर्षांपूर्वी' असंच ठेवावं, आणि भारदस्तपणा पुढच्या शब्दांवर सोपवावा: 'आपल्या पूर्वजांनी या भूमीवर'.