मदत हवी आहे: कोमुनिदाद कुठल्या रकान्यात?

नमस्कार मंडळी. डिचोलीत आमच्या वाचनालयात मुलांसाठी भिंतीवर लावायचा तक्ता करतोय. गोव्यातली कुठली संस्था थेट संविधानातून आली आणि कुठली कायद्याने, असे दोन रकाने. लोकसेवा आयोग कलम ३१५ खाली, राज्य निवडणूक आयोग २४३-के खाली. माहिती आयोग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने, तर लोकायुक्त गोवा विधानसभेच्या २०११ च्या कायद्याने. म्हणजे लोकायुक्तांचे अधिकार विधानसभा बदलू शकते. हा फरक मुलांना कळायलाच हवा. पंचायत मात्र दोन्हीकडे लिहिली: आधार ७३ व्या घटनादुरुस्तीचा, तपशील १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्यात.

घोडं अडलंय ते कोमुनिदादीपाशी, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावकारीपाशी. ही गावकारी संविधानाच्या कितीतरी आधीची. आजही तिचा कारभार पोर्तुगीज राजवटीतल्या १९६१ च्या संहितेवर चालतो, आणि मुक्तीनंतर १९६२ च्या केंद्रीय कायद्याने इथले जुने कायदे चालू ठेवले. मग ती कायद्याने स्थापन झाली असं कसं लिहू? मला तिसरा रकाना करावासा वाटतो. इथल्या वकिलांनी आणि गावकारांनी कृपया मत द्यावं. संहितेचा मराठी अनुवाद कुणाकडे असेल तर तोही हवाय, तक्त्यावर कोमुनिदादीची ओळ सध्या पेन्सिलीने लिहिली आहे, ती त्याशिवाय पक्की करवत नाही.