विषय: व्हीवायला पकडलं (गाडी शेवटी आपल्या संक्रांतीवर आली)

प्रेषक: नॉर्थ ऑस्टिनचा लाँगहॉर्न
सोमवार, २५ जानेवारी २०१६, रात्री ९:४०

मंडळी, हे मंडळाच्या लिस्टवर टाकू की नको असं चाललं होतं, पण बायको म्हणाली टाक एकदाचं आणि मोकळा हो, सकाळपासून घरात सुतक असल्यासारखा बसलायस. आपल्या टेक्सस युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा (लाँगहॉर्न्सचा) जुना क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून सगळा खेळ चालवणारा, व्हिन्स यंग ऊर्फ व्हीवाय, त्याला काल रात्री इथे ऑस्टिनमध्येच अटक झाली, दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून.

ज्यांना फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तोच माहितीये त्यांच्यासाठी सांगतो. ४ जानेवारी २००६, पॅसाडेना, रोझ बोल, म्हणजे त्या वर्षीची कॉलेज फुटबॉलची फायनल, समोर सलग ३४ मॅचेस जिंकलेली यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी). सात मिनिटं पण उरली नव्हती आणि आपण ३८-२६ ने मागे. शेवटी चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, पाच यार्ड पाहिजेत, नाहीतर खेळ खल्लास. आणि हा पठ्ठ्या बॉल कोणाला देतच नाही, स्वतःच उजव्या कोपऱ्याकडे सुटला, तेही असा की घाई कसली ती नाही. टचडाऊन, घड्याळात १९ सेकंद, ४१-३८. त्या एका मॅचमध्ये २६७ यार्ड फेकले आणि २०० यार्ड पळाला. वानखेडेवरचा धोनीचा सिक्स आठवा, आमच्यासाठी तेच.

तेव्हा मी एमएसला होतो, रिव्हरसाइडला दोन बेडरूममध्ये पाच जण, टीव्ही कचऱ्याच्या डब्याशेजारून उचलून आणलेला आणि त्याचा हिरवा रंग गेलेला त्यामुळे मैदान जांभळं दिसायचं. कुकर लावलाय हे सगळेच विसरले. करपलेली खिचडी तशीच टाकून एका गाडीत सात जण कोंबून युनिव्हर्सिटीचा टॉवर बघायला गेलो, केशरी झालेला, खिडक्यांत एकचा आकडा. या गावात आपण भाड्याने राहत नाही असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, नाही जमलं, २०१४ ला दिवाळखोरी पण झाली, पण २०१३ मध्ये परत येऊन डिग्री पूर्ण केली हो त्याने! आता युनिव्हर्सिटीतच नोकरी करतो, ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजला गेलं नाही अशा मुलांसाठी पैसे उभे करायचं काम. म्हणून जास्त लागलं.

---

प्रेषक: राउंड रॉकचे काका
सोमवार, रात्री १०:१५

अरे एवढं काय मनाला लावून घेतोस. अजून कोर्टात काही सिद्ध झालेलं नाही. दोन बियर घेतल्या असतील, पोलिसाने चेहरा ओळखला असेल, झालं. ३२ वर्षांचा पोरगा आहे. आमच्या वेळी पुण्यात ओल्ड मंकचा खंबा संपवून लोक लुनावर सिंहगड रोडने घरी जायचे, कोणी विचारलं नाही. मोठ्या माणसाची एक चूक सापडली की सगळे टपलेलेच असतात.

बाय द वे शनिवारी तिळगूळ समारंभानंतर बैठक आमच्याकडे आहे, ज्यांना निरोप गेलाय त्यांना गेलाय.

---

प्रेषक: सीडर पार्कची ताई
मंगळवार, २६ जानेवारी, सकाळी ७:०५

> दोन बियर घेतल्या असतील

काका, रागावू नका, तुमच्या हातचं मटण खाऊन मोठी झालेय मी या गावात, पण हे वाक्य मी ३१ डिसेंबरलाही ऐकलं. तुमच्याच ड्राइव्हवेत.

नाव घेत नाही, तो माणूस ही मेल वाचतोय. रात्रीचा दीड. तो रिमोट दाबत उभा, गाडी कुठेतरी पीं करतेय, आणि हा भलत्याच बाजूला शोधतोय. शेवटी त्याच्या मुलीने हाताला धरून नेलं, सात वर्षांची आहे, फ्रोझनचा फ्रॉक घातलेली, थंडीने कुडकुडत होती. ती स्वतःच बूस्टर सीटवर चढून पट्टा लावून बसली. आणि आपण दहा-बारा मोठी माणसं दारात उभं राहून हॅपी न्यू इयर, सावकाश जा रे, असं म्हणत हात हलवत होतो. मी पण हलवला. घरी आल्यावर झोप लागली नाही, पण फोनही केला नाही, कारण त्याला वाईट वाटेल. काय तर म्हणे वाईट वाटेल.

व्हिन्स यंगसाठी हळहळ मलाही आहे. पण तो रोझ बोल जिंकला म्हणून त्याला माफ करताय, की आपणही तेच करतो म्हणून?

---

प्रेषक: मंडळाचा खजिनदार (दिवसा वकील)
मंगळवार, सकाळी ९:३०

ताईने मुलीचा विषय काढला म्हणून लिहितो, फुकट सल्ला आहे, वाचून घ्या.

टेक्ससमध्ये रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे शंभर मिलीलिटर रक्तात ८० मिलीग्रॅम. पहिल्यांदा पकडले गेलात तर क्लास बी मिसडिमीनर (कमी गंभीर गुन्हा), १८० दिवसांपर्यंत कैद, दोन हजार डॉलरपर्यंत दंड, लायसन्स जातं ते वेगळं. पण गाडीत १५ वर्षांखालचं मूल असेल तर तीच गोष्ट पहिल्याच वेळी फेलनी (गंभीर गुन्हा) होते, दोन वर्षांपर्यंत. फुंकायला नाही म्हणालात तर सुटलो असं कोणी समजू नका, जज्जकडून वॉरंट आणून रक्त काढतात.

आणि एच-वन वाल्यांनो, नुसत्या अटकेवरून स्टेट डिपार्टमेंट पासपोर्टातला व्हिसा रद्द करू शकतं. दोषी ठरायची वाट बघत नाहीत. मग भारतात आजी आजारी पडली तरी निघताना दहादा विचार करायचा, कारण परत यायला कॉन्सुलेटच्या दारात उभं राहायचं. व्हीवायचं काय व्हायचं ते होईल, त्याला निदान देशाबाहेर राहावं लागणार नाही.

काका, तुमच्या लुनाच्या काळातसुद्धा तो गुन्हाच होता बरं का. भारतात आज मर्यादा शंभर मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, म्हणजे इथल्या निम्म्याहून कमी.

---

प्रेषक: राउंड रॉकचे काका
मंगळवार, दुपारी १२:५०

मुलगी गाडीत होती हे मला ठाऊक नव्हतं. मी आत बर्फ काढत होतो.

बैठक रद्द करत नाही, पण बाटल्या साडेनऊला कपाटात जातील आणि गाडीच्या किल्ल्या दारातल्या तांब्यात. कोणी कुरकुर केली तर सांगा, ३० जानेवारीला महाराष्ट्रात ड्राय डे असतो, तेवढी तरी लाज बाळगू.

---

प्रेषक: नॉर्थ ऑस्टिनचा लाँगहॉर्न
मंगळवार, दुपारी ४:२०

तो मीच. म्हणजे बऱ्याच जणांना माहितीये, पण लिहून टाकतो.

ताई, तुझ्यावर रागावलो होतो सकाळी, लंचपर्यंत. काल तो विषय टाकताना मला खरंच फक्त रोझ बोल आठवत होता, एकतीस तारीख डोक्यात आलीच नाही, आणि बायको "टाक एकदाचं" का म्हणाली ते आत्ता कळतंय. पोरीला विचारलं आठवतंय का, तर म्हणाली हो, बाबा लाल सिग्नलला थांबलाच नाहीस, मी सांगितलं होतं तुला.

शनिवारी मी उबर करतोय. सिटी कौन्सिलशी त्यांचं ड्रायव्हरांच्या फिंगरप्रिंटिंगवरून भांडण चालू आहे तोवर आहे ती वापरून घेऊ. नॉर्थ ऑस्टिनमधून अजून कोणी असेल तर कळवा, मोठी गाडी बोलावतो.

---

प्रेषक: सीडर पार्कची ताई
मंगळवार, दुपारी ४:३१

मी नाही पीत, माझ्या व्हॅनमध्ये चार सीट आहेत. तुम्हा तिघांना घ्यायला साडेपाचला येते, उबर नको. बूस्टर सीट तेवढी बाहेर काढून ठेव. आणि गुळाच्या पोळ्या पन्नास सांगितल्यात, त्या कोण आणतंय ते अजून कोणीच बोललेलं नाही!