पेन-शोला पहिल्यांदाच जातोय: सोबत काय न्यावं, जुनं पेन जागेवर कसं तपासावं?

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. यंदा फाउंटन पेनच्या वार्षिक शोला पहिल्यांदाच जाणार आहे, पास दोन्ही दिवसांचा आहे. आजवर वापरलीत ती सगळी नवी, कन्व्हर्टरवाली (शाई ओढायची सुटी नळी असलेली) पेनं. जुन्यातलं एकच घ्यायचं आहे, पण कपाटात ठेवायला नाही, रोज लिहायला. डोक्यात पार्कर ५१ किंवा शेफरचं स्नॉर्केल आहे. शिवाय माझ्या एका बी (जाड रेषेच्या) निबचं स्टब, म्हणजे रुंद सपाट टोक, करून घ्यायचं आहे.

सोबत काय न्यावं? दुसऱ्याचं पेन हातात घेताना काय पाळायचं? पाच-दहा मिनिटांत पेन धड आहे की नाही हे कसं ओळखायचं? आणि घासाघीस कितपत चालते?

टोपणराव

निबच्या कामापासून सुरुवात करा. दार उघडलं की निब घासून देणाऱ्या कारागिराच्या टेबलावरच्या यादीत आधी नाव घाला, मग हॉल फिरा. काही कारागीर आगाऊ वेळ देतात, तशी सोय असेल तर आजच ठरवून टाका. पेन आतून धुऊन न्या, वाळलेली शाई असेल तर तुमच्या वाट्याचा अर्धा वेळ ती काढण्यातच जातो. रोजची शाई आणि रोजचा कागद सोबत ठेवा. तिथल्या गुळगुळीत कागदावर झकास चालणारी निब घरच्या वहीवर खरखरू शकते.

कारागिरासमोर नेहमीसारखं लिहा. अक्षर चांगलं काढायला जाल तर पकड बदलते, आणि तो घासणार ती त्या खोट्या पकडीसाठी. पेन किती तिरकं धरता, हात किती भरभर चालतो, लिहिताना पेन बोटांत फिरतं का, हे त्याला दिसलं पाहिजे. घासण्यात धातू फक्त कमी होतो, त्यामुळे स्टबची रुंदी मूळ टोकापेक्षा जास्त होणार नाही. बी निब त्यासाठी योग्यच आहे. एफचं (बारीक निबचं) स्टब करून फरक दिसत नाही. आणि कोणी कर्सिव्ह इटॅलिक सुचवलं तर थोडा विचार करा. कडा धारदार ठेवल्याने रेषेतला जाड-बारीक फरक सुरेख येतो, पण पेन जरा वळलं की कोपरा कागदात रुततो. भरभर लिहिणाऱ्याला गोल कोपऱ्यांचं स्टब बरं. काम झालं की तिथेच अर्धं पान लिहून बघा. शाई कमी उतरतेय असं वाटलं तर उठायच्या आधी सांगा, फाकी (निबच्या मधल्या चिरेच्या दोन बाजू) किंचित मोकळी करणं त्याच्या दृष्टीने दोन मिनिटांचं काम असतं.

पिशवीत १० पट भिंग, बोटाएवढी टॉर्च, मऊ सुती कापड, टिश्यू, घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत पाणी, धुऊन निघणारी साधी निळी शाई आणि तुमची वही. चमकीची, पिगमेंटची किंवा आयर्न गॉल शाई दुसऱ्याच्या पेनाजवळही नेऊ नका. स्वतःची पेनं नेणार असाल तर आदल्या रात्री त्यांचा फोटो काढून ठेवा. टेबलावर एकसारखी दोन काळी पेनं आली की ओळख पटवताना पंचाईत होते.

जीभ_आणि_निब

तपासण्याबद्दल सविस्तर लिहितो.

आधी विचारायचं, मग उचलायचं. टोपण ओढून निघतं की आट्यांचं आहे तेही विचारा. ५१ चं ओढून निघतं, पण त्या काळातली बरीच पेनं आट्यांची असतात आणि ओढाओढीत टोपणाची कड तडकते. पेन टेबलावरच्या कापडाच्या वरच धरा, हवेत नाही. टोपण मागे खोचून बघू नका, बॅरलवर (पेनाच्या दांड्यावर) गोल चरा उमटतो. भरायची यंत्रणा तर विक्रेत्याच्या हातूनच चालवून घ्या.

पहिली नजर टोपणाच्या कडेवर. प्लास्टिक किंवा सेल्युलॉइडचं टोपण असेल तर आतून टॉर्च लावून हळूहळू फिरवा. केसाएवढी तडा असेल तर तिथे उजेडाची रेघ चमकते. क्लिपच्या भोकाशी आणि बॅरलच्या आट्यांशीही तेच करा. ५१ चं टोपण बहुतेक वेळा धातूचं, तिथे पोचे शोधा आणि तडा शोधायची ती निबवरच्या आवरणाच्या टोकाशी आणि बॅरलच्या तोंडाशी.

मग निब. भिंगातून समोरून बघितलं की दोन्ही फाकी एका पातळीत हव्यात आणि टोकाचे कठीण धातूचे दोन्ही मणी सारखे. एक झिजलेला किंवा उडालेला असेल तर पेन खाली ठेवा, ती दुरुस्ती महाग आणि वेळखाऊ. उघड्या निबवर मधल्या भोकापासून कडेकडे जाणारी बारीक चीर शोधा, लवचिक निबवर कोणीतरी जोर केल्याची ती खूण. 'लवचिक आहे का' हे बघायला निब टेबलावर दाबू नका. विक्रेत्यालाच चार रेघा मारून दाखवायला सांगा. ५१ ची निब झाकलेली असते, फाकी वरखाली असल्या तर सरळ करायला आवरण ऊब देऊन सोडवावं लागतं. त्यामुळे खरखरणारं ५१ 'घरी नीट करू' म्हणून घेऊ नका.

आता भरणं. ५१ बाजारात आलं १९४१ मध्ये. सुरुवातीच्या पेनांत व्हॅक्युमॅटिक यंत्रणा आहे: मागचं छोटं टोपण काढलं की दट्ट्या, आत रबराचा पडदा. तो पडदा ठरावीक काळाने बदलावाच लागतो. १९४८ पासून एरोमेट्रिक आलं. बॅरल काढलं की धातूची नळी आणि तिच्यावर दाबपट्टी दिसते. आतली शाईची पिशवी रबराची नसून पारदर्शक प्लास्टिकची आहे, ती दशकानुदशकं टिकते. निब पाण्यात बुडवून पट्टी दाबली की बुडबुडे यायला हवेत आणि सोडल्यावर पाणी आत चढायला हवं. जीभ (निबखालचा, शाई पुरवणारा भाग) वाळलेल्या शाईने तुंबली असेल तर बुडबुडे नाममात्र येतात. ते धुऊन निघतं, मात्र भाव त्या हिशेबाने लावावा.

शेवटी बॅरलवरचा ठसा, टॉर्च आडवी धरून. अक्षरं अर्धवट पुसलेली असतील तर पेन पॉलिश करकरून चमकवलेलं आहे. पार्करच्या त्या काळातल्या ठशात वर्षाचा शेवटचा आकडा असतो. पार्करच्या व्हॅक्युमॅटिक नावाच्या वेगळ्या पेनांच्या निबवरही सालाची वेगळी खूण सापडते. दोन्हींत एखाद्या वर्षाचा फरक असेल तर काही बिघडत नाही. पाच-सहा वर्षांचा असेल तर दोन पेनांचं मिळून एक केलेलं समजा. लिहायला ते चालेल, संग्राहकाचा भाव मात्र देऊ नका.

कोरा_कागद

वर शाईत बुडवून लिहून बघण्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो तिथेच. बुडवलेल्या निबच्या जिभेत जादा शाई अडकलेली असते, त्यामुळे कोरडं चालणारं पेनही पहिल्या दोन ओळी भरघोस लिहितं. निब खरखरते का एवढंच त्यातून कळतं. प्रवाह, गळती, पिशवी, यातलं काही कळत नाही. तरी करायचंच असेल तर परवानगी घेऊन, निबच्या भोकापर्यंतच बुडवा. चार-पाच ओळी सलग लिहा, आडवे आठ काढा, डावीकडून उजवीकडे आणि उलट रेघा मारा. मग निब पाण्यात हलवून टिश्यूने टिपून परत द्या.

लिव्हरच्या (बाजूची पट्टी उचलून भरायच्या) पेनाची लिव्हर घट्ट वाटली तर जोर लावू नका. आतली रबरी पिशवी कडक झालेली असते, जोराने लिव्हर तरी वाकते नाहीतर बॅरल तडकतं.

शाईचा_डाग

धन्यवाद, भरपूर कळलं. स्नॉर्केल जागेवर कसं तपासायचं? आणि पाण्यात बुडवून बघणं सगळ्याच जुन्या पेनांना चालतं का?

जीभ_आणि_निब

दुसरं आधी: नाही. एबोनाइट (कडक केलेलं रबर) पाण्यात राहिलं की काळ्याचं मातकट हिरवं होतं, आणि केसिनचं (दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या प्लास्टिकचं) पेन तर पाणी पिऊन फुगतं. फक्त निब बुडवा, बॅरल कोरडं ठेवा. जुनं सेल्युलॉइड अंगठ्याने चोळलं की कापराचा वास येतो, तो ठीक. आंबूस, झोंबणारा वास आला किंवा आतून बारीक स्फटिकासारख्या भेगा दिसल्या तर ते पेन सडायला लागलंय. तुमच्या इतर पेनांशेजारीही ठेवू नका.

स्नॉर्केल १९५२ ते १९५९ मधलं. मागची मूठ फिरवली की निबखालून बारीक नळी बाहेर येते. मग मूठ मागे ओढायची, नळी शाईत धरायची आणि मूठ एका दमात आत ढकलायची. आतल्या हवेच्या दाबाने पिशवी चेपते. मूठ तळाला पोचली की हवा सुटते, पिशवी फुलते आणि शाई ओढून घेते. पाण्याशिवायही एक चाचणी होते: मूठ ढकलताना हवेचा विरोध जाणवला पाहिजे आणि शेवटी फुस्स झालं पाहिजे. विरोधच नसेल तर मागची, हवा रोखणारी रिंग गेली. विरोध आहे म्हणून पिशवी शाबूत आहे असं मात्र नाही. पिशवी, मागची रिंग आणि निबच्या भागातलं गॅस्केट, तिन्ही बदललीत का आणि कधी, हे स्पष्ट विचारा. 'चालू आहे' हे उत्तर पुरेसं नाही. दुरुस्त न केलेलं स्नॉर्केल तर चालवूच नका, सुकलेल्या पिशवीचे कण नळीत अडकतात.

माझं मत विचाराल तर रोज लिहायला पहिलं जुनं पेन म्हणून एरोमेट्रिक ५१. स्नॉर्केल गमतीचं आहे, पण बिघडायला जागा फार.

बाजारबुणगा

भावाचं. पहिली फेरी फक्त बघायची, आवडलेलं पेन आणि टेबलाचा क्रमांक वहीत टिपायचा. विक्रेता दुसऱ्याशी बोलत असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही. दुसऱ्याने हातात घेतलेल्या पेनाबद्दल तो खाली ठेवेपर्यंत बोलायचंही नाही, हा नियम कुठे लिहिलेला नसतो पण सगळे पाळतात. 'शेवटचा भाव काय?' हे एकदा विचारायचं. तुम्ही आकडा बोललात आणि तो हो म्हणाला की सौदा झाला, मग माघार नाही. 'नेटवर स्वस्त मिळतं' म्हटलं की पुढचं बोलणं संपतं. त्यापेक्षा वर टिपलेली तडा, पोचा, पुसलेला ठसा दाखवा. दोन पेनं एकाच टेबलावरून घेतली तर आपसूक सूट मिळते. रोख ठेवा.

शेवटच्या दुपारी भाव उतरतात हे खरं, पण तोवर चांगला माल उचललेला असतो आणि काहींची आवराआवर जेवणाआधीच सुरू होते. म्हणून मुख्य पेन पहिल्याच दिवशी घ्या. रात्री खोलीवर शाई भरा, पान-दोन पानं लिहा, मग टोपण लावून, निब खाली करून टिश्यू ठेवलेल्या ग्लासात सकाळपर्यंत उभं करा. टिश्यूवर मोठा डाग असेल किंवा टोपण आतून ओलं असेल तर विक्रेता अजून हॉलमध्येच आहे. बहुतेक जण तिथेच दुरुस्त करून देतात किंवा बदलून देतात, पण ही अट पैसे देण्याआधी बोलून घ्या आणि पावतीवर 'दुरुस्त केलेलं' असं लिहून घ्या.

दुसऱ्या दुपारसाठी थोडे पैसे राखून ठेवा आणि किरकोळ मालाच्या ट्रेकडे जा. तिथे एस्टरब्रुक जे सापडलं तर बघा. लिव्हरचं पेन आहे, आत बहुधा फक्त पिशवी बदलावी लागते आणि निब आट्यांनी निघते. निबवर चार आकडी क्रमांक असतो. ९ ने सुरू होणाऱ्यांना कठीण धातूचं टोक असतं, १ आणि २ ने सुरू होणाऱ्यांचं पोलाद नुसतं दुमडलेलं असतं आणि लवकर झिजतं.

टोपणराव

एक राहिलं. परत विमानाने येणार असाल तर घेतलेलं पेन रिकामं करून, निब वर ठेवून आणा. अर्धवट भरलेल्या पेनातली हवा केबिनचा दाब कमी झाला की फुगते आणि शाई टोपणात ढकलते. शाईच्या बाटल्या सामानात, प्रत्येकी वेगळ्या झिपच्या पिशवीत.