स्वस्त सरप्लस काडतुसं: तेल नव्हे, पाणी

काही जण म्हणतात की कॅनडात येणारी ७.६२×३९ (मिलिमीटरमधलं माप) ची जुनी चेक किंवा चिनी लष्करी साठ्यातली, म्हणजे सरप्लस, काडतुसं झाडल्यावर बंदुकीच्या नळीत तेलाचा बोळा फिरवला की पुरे. नाही पुरत! अशा बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असतं. झाडल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराईड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. ते हवेतला ओलावा ओढतं आणि पोलाद गंजवतं. तेलात हे क्षार विरघळत नाहीत, उलट तेलाखाली तसेच राहतात. पाण्यात मात्र लगेच विरघळतात.

म्हणून त्याच दिवशी नळीतून कढत पाणी ओता, कोरडा बोळा फिरवा, मग तेल. एसकेएस ही काडतुसं झाडणारी रायफल, तिच्यात गॅस ट्यूब (झाडल्यावरचा वायू जाते ती नळी), त्या वायूने ढकलला जाणारा पिस्टन आणि काडतूस मागून बंद करणाऱ्या बोल्टचं तोंडही धुवा. लोक नळी चकचकीत करतात आणि पिस्टन विसरतात, गंज तिथेच धरतो. अमोनियाने क्षार 'मरतात' हा गैरसमज आहे, काम त्यातलं पाणीच करतं.

खरेदीआधी गोळीला लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर आत पोलाद आहे, निदान आवरणात तरी, आणि बऱ्याच नेमबाजीच्या रेंजवर अशी गोळी चालत नाही.