ज्यांच्या नावाचे मासिक नाही, त्यांनाच बदलता येते: सहनायक आणि पालटलेले खलनायक

सदाशिवपेठकर (चर्चाप्रस्ताव)

डेक्कनवर भरणाऱ्या आमच्या कॉमिक्सवाचकांच्या बैठकीत गेल्या वेळी एका ज्येष्ठ मित्रांनी असे मत मांडले की ‘अ‍ॅव्हेंजर्स’सारख्या मालिकेत वाचण्याजोगे जे आहे ते कॅप्टन अमेरिका, थॉर आणि आयर्न मॅन यांच्यापाशी संपते; बाकीचे सहनायक म्हणजे भरताड, आणि सुधारलेले खलनायक म्हणजे नवे पात्र सुचले नाही म्हणून लेखकाने केलेली सोय. तेथे वेळ अपुरा पडला, म्हणून माझे म्हणणे येथे सविस्तर मांडतो. ते नेमके याच्या उलट आहे.

‘अ‍ॅव्हेंजर्स’चा १९६५ सालचा सोळावा अंक घ्यावा. आयर्न मॅन, जायंट-मॅन आणि वास्प संघातून बाहेर पडतात, थॉर आधीच दूर आहे, आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलातून परतलेल्या कॅप्टन अमेरिकेच्या हाती तीन नवे सदस्य सोपवले जातात. तिघेही तोवर विरुद्ध बाजूला होते. हॉकआय १९६४ मध्ये आयर्न मॅनवर बाण रोखूनच अवतरला होता. वांडा (स्कार्लेट विच) आणि पिएत्रो (क्विकसिल्व्हर) ही भावंडे त्याच वर्षी एक्स-मेनचा वैरी मॅग्नेटो याच्या टोळीत दिसली होती, आणि जमावाच्या तावडीतून वांडाला सोडवल्याच्या उपकारापोटी ती त्याला बांधली गेली होती. मुख्य नायक काढून घेऊन लेखक स्टॅन ली यांनी मालिका या तिघांच्या खांद्यावर ठेवली, हे धाडस होते असे मला आजही वाटते.

त्यामागचे व्यावहारिक कारणही समजून घेण्यासारखे आहे. थॉर आणि आयर्न मॅन यांची कथानके अन्य मासिकांत स्वतंत्रपणे चालू होती, त्यामुळे त्यांच्या आयुष्यात जे काही घडायचे ते तिकडे घडणार हे उघड होते. ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये त्यांनी लढायचे आणि जसे आले तसेच परत जायचे. हॉकआयचे तसे नव्हते. त्याचे सगळे आयुष्य याच पानांवर होते. म्हणून तो कॅप्टनला उर्मटपणे टोचून बोलू शकला, नेतृत्वावर आपला हक्क सांगू शकला आणि पुढे हळूहळू त्याच कॅप्टनचा सर्वांत निष्ठावान सोबतीही होऊ शकला. माणसात पडलेला हा फरक अंकागणिक डोळ्यांसमोर घडतो. थॉरबाबत त्या वर्षांत असे काही या मालिकेत घडलेले मला दाखवून द्यावे.

दुसरे उदाहरण सँडमॅनचे. १९६३ पासून स्पायडरमॅनचा वैरी असलेला हा माणूस १९८२ मध्ये ‘मार्व्हल टू-इन-वन’च्या शहाऐंशीव्या अंकात एका मद्यालयात बसलेला सापडतो. त्याला पकडायला ‘फँटास्टिक फोर’ या संघातला दगडी अंगाचा नायक थिंग येतो, आणि मारामारी अपेक्षित असताना दोघे एका टेबलाशी बसून बिअर पितात. सँडमॅन आपण असे का झालो ते सांगतो, थिंग ऐकून घेतो आणि त्याला जाऊ देतो. ज्या प्रकाशनात दर महिन्याला भिंती कोसळतात तेथे दोन दांडग्या माणसांना बोलते करण्यासाठी अंक खर्ची घातला गेला, कारण सँडमॅनचे काहीही होऊ शकत होते. हे स्वातंत्र्य मुखपृष्ठावरच्या नायकाला कधीच मिळत नाही.

कोथरूडकर

सदाशिवपेठकर, आपण सँडमॅनची कथा मद्यालयाच्या दारापाशी थांबवलीत. मला ती पुढे न्यावी लागेल. त्यानंतर तो माणूस खरोखर सरळ मार्गाला लागला, सिल्व्हर सेबल या भाडोत्री लढवय्यीच्या पथकात पगारावर राबला, अ‍ॅव्हेंजर्सचा राखीव सदस्यही झाला. अनेक वर्षांची ही कमाई पुढे स्पायडरमॅनच्या मासिकात विझार्ड नावाच्या खलनायकाने एका यंत्राच्या साहाय्याने पुसून टाकली आणि सँडमॅन पुन्हा पूर्वीसारखा दरोडेखोर झाला. स्पायडरमॅनला जुना शत्रू परत हवा होता, यापलीकडे कथेतून दुसरे कारण मला सापडत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते या पात्राला अक्षरशः लागू पडते.

म्हणून ज्याला आपण स्वातंत्र्य म्हणता त्याला मी निराधारपणा म्हणतो. ज्याच्या नावाचे मासिक नाही त्याची बाजू घेणारा संपादक नाही, आणि शेजारच्या मासिकाला गरज पडली की त्याचा बळी देता येतो. २००४ चे कथानक आठवावे: ज्या वांडाला १९६५ मध्ये विश्वासाने संघात घेतले तिच्याच हातून संघाचा विध्वंस घडवला गेला आणि त्यात हॉकआय मारला गेला. आपल्या त्या तिघांपैकी दोघे एकाच कथानकात निकालात निघाले. हॉकआय नंतर परत आला हे खरे, परंतु थॉर आणि आयर्न मॅन यांना दुखवायचे नसते तेव्हा कोणाला दुखवायचे हे लेखकांना पक्के ठाऊक असते, एवढे तरी त्यावरून दिसते.

माझी खरी तक्रार त्याहून साधी आहे. खलनायक सुधारला की मालिका त्याच्या मनःस्थितीवर पानेच्या पाने देते आणि पहिल्या दिवसापासून नीट वागणाऱ्या सहनायकाला रांगेत मागे उभे करते. ज्याने कधी कोणाला लुटले नाही त्याच्यापाशी सांगण्याजोगी कथाच नसते, ही समजूत मला मान्य नाही.

कसबेकर

मी इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांवर वाढलेला वाचक आहे, त्यामुळे माझे उदाहरण जादूगार मँड्रेकचे. १९३४ मध्ये ती चित्रमालिका सुरू झाली तेव्हा लोथार हा बिबट्याचे कातडे पांघरणारा, तुटक इंग्रजी बोलणारा, जादूगाराच्या मागे उभा राहणारा बलदंड सेवक होता. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स यांनी चित्रे काढायला घेतल्यावर तो नीट बोलू लागला, नीट कपडे घालू लागला आणि मँड्रेकच्या बरोबरीचा मित्र म्हणून वावरू लागला. मँड्रेक मात्र टोपी आणि झगा घालून होता तसाच राहिला. हे सदाशिवपेठकरांच्या म्हणण्याला बळ देणारे आहे, आणि त्यासाठी लोथारला आधी खलनायक व्हावे लागले नाही, हे कोथरूडकरांनाही आवडेल.

येरवडेकर

आपण सर्व जण पालटलेल्या माणसाचे काय होते याचाच विचार करीत आहात. ज्याचे त्याने नुकसान केले त्याचे काय, हा प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नाही. आपण लहानपणी वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकतो. त्याने रांजणात टाकलेला एकेक खडा म्हणजे एकेक जीव, आणि असे सात रांजण भरले. गोष्टीत नारद बोलतात, वाल्या बोलतो, त्याच्या पापात वाटेकरी व्हायला नकार देणारे घरचे लोक बोलतात, पण त्या रांजणांतला एकही खडा बोलत नाही. सुपरहिरो कॉमिक्सने निदान एकदा ही उणीव भरून काढली, म्हणून मला रोगची (Rogue) कथा महत्त्वाची वाटते; स्पर्शाने दुसऱ्याची शक्ती आणि स्मृती ओढून घेणारी ही आधी खलनायिका होती.

१९८१ मध्ये, क्रिस क्लेअरमाँट यांनी लिहिलेल्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या दहाव्या वार्षिक अंकात, रोगने ‘मिस मार्व्हल’ या नायिकेची, म्हणजे कॅरल डॅनव्हर्सची, शक्ती आणि स्मृती दोन्ही कायमच्या हिरावून घेतल्या. एक्स-मेन या संघाचा प्रमुख प्रोफेसर झेव्हियरने कॅरलला स्मृती परत मिळवून दिल्या, परंतु त्यांच्याशी जोडलेल्या भावना परत आल्या नाहीत. आईवडील ओळखू येतात आणि त्यांच्याविषयी काहीच वाटत नाही, अशी तिची अवस्था झाली. मग १९८३ मध्ये ‘अनकॅनी एक्स-मेन’च्या १७१ व्या अंकात तीच रोग त्याच झेव्हियरच्या दारी मदत मागायला येते, कारण कॅरलच्या स्मृती तिच्या डोक्यात मिसळून तिला स्वतःचे मन सापडेनासे झाले आहे. संघाचे सदस्य राजीनाम्याची भाषा करतात. तेवढ्यात कॅरल येते, समोर रोग दिसते आणि ती एका ठोशात तिला घराबाहेर आकाशात भिरकावते. माझ्या लेखी रोगच्या सगळ्या सुधारणेतले सर्वांत मोलाचे चित्र ते आहे, कारण तेथे खडा बोलला. दोन अंकांनंतर संघातल्या वुल्व्हरिनच्या वाग्दत्त वधूवर, मारिकोवर, होणारा मारा रोग स्वतःच्या अंगावर झेलते, तेव्हा तिच्यावर आपला विश्वास बसतो तो ही चीड आधी पाहिलेली असल्यामुळेच.

तरीही मला टोचते ते हे की रोगला त्या घरात खोली मिळाली आणि कॅरल अंतराळात निघून गेली. जिचे सर्वस्व गेले तिने घर सोडावे आणि जिने ते नेले तिने तेथे राहावे, ही व्यवस्था मला न्यायाची वाटत नाही. मी राहते त्या भागात खुले कारागृह आहे. तेथे जाणारा बंदी आधी शिक्षेचा काही काळ भिंतींच्या आत काढून, चांगल्या वर्तनावर निवडला जातो, आणि शिक्षा पुरी करता करताच मोकळ्या शेतात काम करतो. तेथे शिक्षा टळत नाही, आणि माणसाला उभे राहायला जागाही मिळते. कॉमिक्समध्ये झेव्हियरने होकार दिला की हिशेब मिटतो.

सदाशिवपेठकर

येरवडेकर, आपण मागता तशी कथा लिहिली गेलेली आहे, आणि ती स्वतःचे मासिक नसलेल्यांचीच आहे. १९९७ मध्ये कर्ट ब्युसिक आणि मार्क बॅगली यांनी ‘थंडरबोल्ट्स’ सुरू केले. अ‍ॅव्हेंजर्स मरण पावले असे जग समजत असताना एक नवा संघ लोकांच्या मदतीला धावतो, आणि पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर उघड होते की हे मुखवटे घातलेले जुने खलनायक आहेत आणि त्यांचा म्होरक्या कॅप्टन अमेरिकेचा वैरी बॅरन झिमो आहे. त्यांच्यापैकी काहींना लोकांचे प्रेम खरोखर आवडू लागते, आणि नाटक म्हणून घेतलेले सोंग सोडवेनासे होते. पुढे हॉकआय त्यांचे नेतृत्व स्वीकारतो ते एका अटीवर: पूर्वी बीटल असलेल्या मॅक-१ ने एका खुनाबद्दल कायद्याच्या स्वाधीन होऊन तुरुंगात जावे. तो जातो. संघातली सॉन्गबर्ड त्याच्या प्रेमात आहे आणि तिला मागे राहावे लागते. सुधारणेची किंमत इतक्या सरळपणे मोजलेली मला या प्रकारच्या कॉमिक्समध्ये क्वचितच दिसली आहे. आणि ही अट घालणारा हॉकआयच असावा लागतो, कारण दुसऱ्या संधीचे मोल त्याला स्वतःवरून कळते.

कोथरूडकरांना एवढेच सांगतो की सँडमॅनला बिघडवायला यंत्र लागले, यातच मधल्या कथेची ताकद दिसते. त्या माणसाच्या स्वभावातून परत फिरण्याचे कारण सापडले असते तर यंत्र आणावे लागले नसते.

कोथरूडकर

मग कॅप्टन अमेरिकेचा साथी फाल्कन याचे उत्तर द्यावे. फाल्कन, म्हणजे सॅम विल्सन, १९६९ मध्ये आला, हार्लेममध्ये समाजकार्य करणारा, स्वतःच्या विचाराने उभा असलेला कृष्णवर्णीय नायक म्हणून, आणि अमेरिकी मुख्य प्रवाहातल्या कॉमिक्समध्ये तसे नायक तेव्हा बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. १९७१ पासून मासिकाच्या शीर्षकात कॅप्टन अमेरिकेबरोबर त्याचे नाव छापले जात होते, म्हणजे आपल्या नियमानुसार त्याला धक्का लागायला नको होता. असे असूनही १९७५ मध्ये १८६ व्या अंकात सांगण्यात आले की तो मुळात ‘स्नॅप’ विल्सन नावाचा गुन्हेगार होता आणि त्याचा चांगुलपणा रेड स्कल या नाझी खलनायकाने कॉस्मिक क्यूब या वास्तव बदलणाऱ्या वस्तूच्या बळावर घडवलेला होता. सहा वर्षे वाचकांनी ज्याला सज्जन म्हणून ओळखले त्याच्या चारित्र्याचे श्रेय एका नाझीच्या खात्यावर जमा झाले. पालटलेल्या खलनायकाचे आकर्षण एवढे वाढले की धडधाकट सहनायकालाही मागे जाऊन गुन्हेगार ठरवावे लागले. वर्णाचा विचार केला तर हा प्रकार अधिकच क्लेशकारक आहे.

येरवडेकर

फाल्कनबाबत मी कोथरूडकरांच्या पूर्ण बाजूची आहे. जो गुन्हा पानावर कधी घडलाच नाही त्याचा पश्चात्ताप वाचकावर लादता येत नाही. मॅक-१ च्या तुरुंगवासाचे मोल मी मानते, सदाशिवपेठकर, पण ती अट घालण्याचा अधिकार हॉकआयचा नव्हता. तो मारल्या गेलेल्या माणसाच्या घरच्यांचा होता, आणि त्यांना त्या खोलीत बसवून, बोलू देऊन, मगच मॅक-१ ला दाराबाहेर नेणारा अंक मला वाचायला हवा आहे.